फुलीचा पेला आणि पट्टेरी मासे

ताई शेंदूरजनाघाटहून माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत तीन साड्या, गोळ्यांची पाकिटं, एक्स-रेचा मोठा खाकी लिफाफा आणि स्टीलचा एक पेला होता. पेल्याच्या बुडाशी खिळ्यानं फुली कोरलेली होती. मी तेव्हा अकोल्यात जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एकटीचा संसार असला तरी माझ्याकडे पेल्यांची टंचाई नव्हती.

"पेला काहून आणला वं ताई?" मी विचारलं.

तिनं तो माझ्या हातून काढून घेतला आणि खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून दूर ठेवला. "माहा आहे तो. तुह्या भांड्यात मिसळू नको."

सासूनं तिला बरी होऊन ये म्हणून पाठवलं होतं. टीबीचं औषध एकदा पूर्ण घेऊन झालं होतं आणि खोकला जिथल्या तिथं होता, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सुरू केलं. या खेपेला गोळ्यांसोबत सुया होत्या. त्या सुयांनी तिच्या कानात सतत भुणभुण व्हायची आणि मला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागायची. भाऊजी मनानं चांगले, पण आईपुढे तोंड उघडत नसत. मूलबाळ नव्हतं. ताईला तिच्या घरी परत जायचं होतं आणि तो टीबी तिला जाऊ देत नव्हता. सगळा प्रश्न एवढाच होता.

मला त्या फुलीचा जो संताप आला, त्याला कारण होतं. आमचे बाबा लहान असताना त्यांच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर, कुडाच्या खुंटीला टांगलेला असायचा. चहा प्यायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा. छप्पन साली आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर बाबांना म्हणाले, आता तो कप हातात धरायचा नाही. बाबा पुढे सरकारी नोकरीत लागले, घर झालं, आणि त्या घरात त्यांचा एकच कडक नियम होता. कोणाचाही पेला वेगळा राहणार नाही. पाहुणा असो, आजारी असो, दारावरचा कल्हईवाला असो. ताईची सासू आमच्यातलीच, तिच्या आईनंही ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं असणार. आणि त्याच बाईनं खिळा घेऊन सुनेच्या पेल्यावर फुली मारली होती. मी ताईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "भेव वाटते बाई त्याहिले. भेवापुढं कोणाले काय आठवते?"

तिचं चूक नव्हतं. ती वर्षंच भीतीची होती. वर्गात हजेरी घेताना एखादा नंबर आला की मुलं गप्प व्हायची आणि पुढच्या बाकावरचं कोणी हळूच सांगायचं, "मॅडम, तो गावी गेला." कशाला गेला हे विचारावं लागत नसे, सकाळच्या पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत त्याच्या गावाचं नाव वाचलेलं असायचं. शेंदूरजनाघाटकडे कापूस कमी, संत्रा जास्त. पण तिथंही विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले आणि बागा उभ्या वाळू लागल्या. फळाला आलेलं झाड तोडून त्याचं जळण करायचं म्हणजे काय, हे ज्यानं लावलं त्यालाच माहीत. ताईच्या घरची निम्मी बाग अशीच गेली होती. संत्र्याच्या गावात नांदून लग्नानंतर तिनं संत्र्याची फोड तोंडात घातली नव्हती, कारण खोकला. निदान सासूचं तसं म्हणणं होतं.

खोकला मात्र लग्नानंतरचा नव्हता. तो आम्हा दोघी बहिणींचा अगदी पाळण्यातला. ओला, खोलवरचा, सकाळी उठल्या उठल्या येणारा. शिवाय बारा महिने सर्दी. आई आम्हाला आळीपाळीनं मांडीवर पालथं घालायची, डोकं खाली लोंबतं ठेवायची आणि पाठीवर थापट्या मारायची. बेडका पडला की "गेली बया" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. आमच्या घरची सर्दीच तशी, असं ती कोणालाही सांगायची आणि लोकांना पटायचं. सरकी, कापूस, जिनिंगची धूळ, अकोल्याचा उन्हाळा, या भागात खोकल्याला कारणं कमी नाहीत. मोठेपणी तिच्या खोकल्याला टीबी म्हणू लागले आणि माझ्या खोकल्याला खडूची धूळ. स्टाफरूममध्ये मी खोकले की शिपाई न सांगता चहात आलं टाकून आणायचा.

ताईचा टीबी वाढत चालल्याचं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाठीला नळी लावली की डाव्या फुप्फुसात खरखर ऐकू यायची, आणि एक्स-रेत डाग दिसायचा उजव्या फुप्फुसात. म्हणजे दोन्हीकडे पसरला. सुया त्यामुळेच. थुंकी तपासली की तिच्यात जंतू मात्र निघत नसत. कधी कधी निघत नाहीत म्हणे.

एका रविवारी सकाळी मी तो खाकी लिफाफा उघडला. मला डाग पाहायचा होता, दुसरं काही नाही. खिडकीत ऊन होतं, तिथं एक फोटो काचेला लावला. एक्स-रे पाहताना माणूस समोर उभा आहे असं धरायचं असतं. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. वर्गात बेडूक उताणा टाकला की मला हेच ओरडून सांगावं लागायचं, डावं त्याचं बघा रे, तुमचं नाही. तर हृदय होतं तिथंच होतं, डाग उजव्या फुप्फुसात होता, आणि गळ्याखालच्या हासळीच्या हाडावर एक गाठ होती. ही गाठ मला माहीत होती. ताई लहानपणी पेरूच्या झाडावरून पडली तेव्हा मी खाली ओच्यात पेरू झेलत उभी होते. हाड वाकडं जुळलं आणि तिथं कायमचा उंचवटा राहिला. कितीतरी दिवस तिचा हात गळ्यात बांधलेला होता आणि एका हातानं माझी वेणी घालायला जाऊन ती माझे केस उपटायची.

तो हात डावा होता. फोटोत गाठ उजवीकडे होती.

मी ताईला हाक मारली. तिला ऐकू गेली नाही, म्हणून आत जाऊन तिचा पदर बाजूला केला आणि बोटानं हासळी चाचपली. गाठ डावीकडेच होती. मग मी दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. सगळ्यांत गाठ उजवीकडे. बाजू दाखवणारं अक्षर फोटो काढल्यावर पेनानं लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्यानं ते कशावरून लिहिलं असेल हे मला लख्ख दिसलं. हृदय ज्या बाजूला, ती डावी. दुसरं काही असू शकतं असं कोणाच्या मनातच आलं नाही. फोटो उजेडावर धरायचा, हृदय भलतीकडे दिसलं की आपण उलटा धरला असं समजून फिरवायचा. एकामागून एक शहाण्यासुरत्या माणसांनी हेच केलं होतं. मी फोटो फिरवला. गाठ जागेवर आली, डाग खरखर ऐकू यायची त्या फुप्फुसात आला, आणि हृदय उजवीकडे गेलं.

"ताई, तुह्यं धडधडते कुठं?"

"काय?"

"हृदय! कुठं धडधडते?" मी जवळजवळ किंचाळले.

तिनं सहज उजव्या छातीवर तळवा ठेवला. "इथं. काहून?"

"केव्हापासून?"

"केव्हापासून म्हणजे? पयल्यापासून. सगळ्याहिले इथंच धडधडत असन ना?"

मी तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला, डावीकडे. तिनं बराच वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही वं." डॉक्टर नळी लावायचे ती पाठीवर, साडीवरून, सासू शेजारी उभी असताना. पुढून ऐकायची वेळ कधी आलीच नव्हती. मला रडू आलं, आणि ताई मला समजावू लागली, जणू हृदय माझंच हरवलं होतं.

त्याच आठवड्यात मी तिला अमरावतीला छातीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी पुढून नळी लावली, मग फोटो पाहिले, आणि हसले नाहीत याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. त्यांनी एका चिमुकल्या डबीतून साखरीनचा कण काढला, ताईच्या नाकात आत ठेवला आणि तिला बाहेर बाकावर बसवलं. नाक ओढायचं नाही, घशात गोड लागलं की सांगायचं. धडधाकट माणसाला चहाचा कप संपेपर्यंत गोड लागतं म्हणाले. आमच्यानंतरचे पेशंट आत जाऊन बाहेर आले, त्यांच्यानंतरचेही गेले, बाकं रिकामी झाली, झाडूवाली येऊन झाडून गेली. डॉक्टर दारात आले. ताईनं मान हलवली. नाही लागलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नाकात, श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे धागे असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते सतत हलत राहतात आणि कफ, धूळ सगळं वर ढकलून बाहेर काढतात. ताईचे धागे जन्मापासून जागच्या जागी उभे. कफ साचतो, कुजतो, फुप्फुस आतून खराब होतं, फोटोत डाग दिसतो. टीबी नाही आणि कधी नव्हता. सुया आजपासून बंद. बरं व्हायचं औषध नाही, पण जपलं तर माणूस म्हातारं होतं. रोज पालथं झोपून पाठीवर थापट्या मारून घ्यायच्या.

"म्हणजे आमची माय माराची तशा," ताई म्हणाली.

"तशाच," डॉक्टर म्हणाले.

तिचा प्रश्न वेगळाच होता. "कोणाले लागत नाही ना?" तिनं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं, त्यांनी परत मोठ्यानं नाही म्हटलं. मग ती पदर तोंडाला लावून रडली.

मी विचारलं, धागे श्वासनळीतले, मग हृदय कशानं फिरलं? ते म्हणाले, गर्भ अगदी इवला असतो तेव्हा त्याचं डावं-उजवं असलेच धागे ठरवतात असं आता कळू लागलं आहे, तुम्ही प्राणिशास्त्राच्या ना, शोधा. आईवडील नात्यातले होते का, असं त्यांनी विचारलं. होते. आई बाबांच्या मामाचीच मुलगी. तेवढ्यात मी खोकले. "तुम्हालाही आहे का?" त्यांनी विचारलं. "मला खडूचा त्रास आहे," मी म्हटलं, आणि पुढचा पेशंट आत आला.

भाऊजी भेटायला आले ते दिवाळीनंतर. पिशवीत थोडी संत्री होती, उरलेल्या झाडांची, लहान आणि पातळ सालीची. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "लेकरू होईन का?" अवघड आहे, पण नाहीच होणार असं नाही, डॉक्टर जे म्हणाले होते ते मी सांगितलं. ते ताईकडे न बघता म्हणाले, "मायले सांगून पायतो." ते गेल्यावर ताईनं एक संत्रं सोललं आणि एकेक फोड करून सगळं खाल्लं. खोकला आला तो तिच्या नेहमीच्या वेळी, दुसऱ्या दिवशी सकाळी.

मग वाट पाहणं सुरू झालं. घरात बसून ताई सुकत चालली होती, आणि माझ्या डोक्यात डॉक्टरांचं ते वाक्य घर करून बसलं होतं. मी इतकी वर्षं कोंबडीच्या गर्भाच्या आकृत्या फळ्यावर काढत आले. हृदयाची नळी अशी वळते, असं मुलांना सांगितलं. ती त्याच बाजूला का वळते, हे एकाही मुलानं विचारलं नाही आणि जुन्या पुस्तकांत त्याचं उत्तरही नव्हतं. डोकं कुठं नि शेपूट कुठं हे समजू शकतं, पाठ-पोट समजू शकतं. पण डावं म्हणजे कुठलं, हे सगळीकडून सारख्या असलेल्या गोळ्याला कोण सांगणार?

अमरावतीला विद्यापीठाच्या लायब्ररीत थोडं वाचायला मिळालं. हे काम मोठ्या प्रमाणात एका मासळीवर झालं होतं, आणि ती मासळी आपलीच, आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांतली, अंगावर निळे पट्टे असलेली बोटभर झेब्रा. अकोल्यात काचेच्या पेट्या विकणाऱ्या दुकानात ती प्लास्टिकच्या पिशवीत मिळायची. मी नर-माद्या आणल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेटी मांडली. या मासळीला आपलीच अंडी खायची खोड असते, म्हणून बुडाशी काचेच्या गोट्या पसरल्या, अंडी फटीत पडून वाचावीत. गोट्यांचे पैसे कॉलेजकडे मागायला मला लाज वाटली.

कॉलेजला सुट्ट्या होत्या, म्हणून ताई माझ्याबरोबर येऊ लागली. माशांना खायला घालणं, पाणी बदलणं तिनं आपल्याकडे घेतलं आणि मला हात लावू देईना. उजाडताना मासे अंडी घालतात. एका सकाळी आम्ही पोचलो तर तीच गोट्यांवर वाकून ओरडली, "अवं हे पाय, साबुदाणा!"

अंडी काचेसारखी आरपार. त्यामुळेच तर या कामाला ही मासळी निवडतात. संध्याकाळपर्यंत बलकाभोवती गर्भ कमानीसारखा वळला होता आणि शेपटीच्या टोकाशी पाण्याचा एक बुडबुडा दिसत होता, टाचणीच्या टोकाहूनही बारीक. मी ताईला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि सांगितलं, या बुडबुड्यात आतून तसलेच धागे आहेत. आमच्या कॉलेजच्या यंत्रातून ते दिसत नाहीत, हेही सांगितलं. ते सगळे एकाच दिशेनं गरगर फिरतात, थोडे मागे कललेले असतात, आणि त्यामुळे आतलं पाणी डावीकडे वाहतं. ज्या बाजूला ओढ, ती बाजू गर्भ आपली डावी समजतो. हृदय तिकडे सरकतं. मग बुडबुडा विरून जातो.

"म्हंजे पाटाच्या पाण्यासारखं," ताई म्हणाली. "जिकडं बारं फोडलं तिकडची झाडं जगतात."

"हो, तसंच काहीसं."

"न माह्या पाटाले पाणीच नव्हतं."

ती यंत्राला डोळा लावून तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हृदयं दिसू लागली. धडधडणारी एक नळी, एका अंगाला झुकलेली. मी एकेक गर्भ सुईनं सरळ करून द्यायची आणि ताई बाजू सांगायची. डावं, डावं, डावं. चांगल्या माशांतही क्वचित एखादं हृदय उलट जातं हे मी वाचलं होतं, पण तिला सांगितलं नव्हतं. कितीतरी अंड्यांनंतर ती थांबली. परत पाहिलं. मग माझा हात घट्ट धरला.

"हे उजव्या बाजूले आहे."

मी पाहिलं. होतं.

"जगन का हे?"

"जगेल की. मजेत जगेल."

ती हसली. त्या सबंध वर्षात ती हसलेली मला तेवढीच आठवते. ते अंडं तिनं वेगळ्या वाटीत ठेवू दिलं नाही. "सगळ्याहिच्यातच राहू दे त्याले," म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींचा निरोप आला. माझी आई परत ये म्हणते. टीबी नाही हे तिला अर्धंमुर्धं पटलं आहे, पण खोकला तर आहेच, आणि हृदय उलटं म्हणजे काय हे तिच्या लक्षात येत नाही. तेव्हा भांडी सध्या वेगळीच राहू दे. दोन दिवसांनी घ्यायला येतो.

"चालते मले," ताई म्हणाली. लगेच साड्यांच्या घड्या घालू लागली.

मी तिला नाही नाही ते बोलले. डॉक्टरांनी कोणाला लागत नाही म्हणून दोनदा सांगितलं ते काय भिंतीला? बाबांनी आपल्याला काय शिकवलं? ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "तुले काय जाते बोलाले? तुह्या पेल्याले कोणी फुली मारली नाही." दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून मागवलेल्या एका लेखाची झेरॉक्स आणायला मी अमरावतीला गेले, खरं सांगायचं तर रागानंच गेले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तो लेख वाचला. धाग्यांची हालचाल जन्मतःच बंद असलेल्या माशांवर तो होता. मी धरूनच चालले होते की अशा माशांत सगळ्यांची हृदयं उजवीकडे जात असतील. तसं नव्हतं. पाणी वाहिलं नाही की गर्भाला कोणी काही सांगत नाही, आणि हृदय कुठंही जातं. निम्म्यांचं उजवीकडे. निम्म्यांचं डावीकडे, अगदी जागेवर, पाहणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये असं. आजार दोन्हींत तोच.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मला खोकल्याची उबळ आली. खोलवरची, ओली. शेजारच्या बाईनं माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि पर्समधून लवंग काढून दिली.

"शिक्षिका आहे का तुमी? खडूनं होते तसं. आमच्या नणंदेले पण आहे."

मी लवंग घेतली आणि अकोला येईपर्यंत ती तशीच मुठीत धरून बसले.

घरी जाताना किराणा दुकानातून साखरीनची पुडी घेतली, गोळेवाले सरबतात घालतात ती. चूल वेगळी, घर वेगळं, पण मांडी आईची एकच होती. आम्ही दोघी तिच्यावर आळीपाळीनं पालथ्या पडत होतो. ताईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मी तिला लेखात काय आहे ते सांगितलं, एकदा नीट, मग कानाशी मोठ्यानं. तिनं काडीच्या टोकावर एक कण घेतला, माझी मान मागे केली आणि कण नाकात ठेवला. मग चहा केला आणि आम्ही समोरासमोर बसलो. मी माझ्या कपात, ती तिच्या पेल्यात.

चहा संपला.

"लागलं का गोड?"

"नाही."

तिनं कपबशी धुतली. पेला धुतला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी आली, बायकांची घासाघीस झाली, गाडी गेली. मी घशात लक्ष लावून बसले होते. मला इतकं मनापासून कधी काही गोड लागावंसं वाटलं नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं आणि फरशीवरून गेलं.

"लागलं?"

"नाही, ताई."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं विचारलं, "तुह्या कालेजात कप कसे असतात?"

"कसे म्हणजे?"

"म्हंजे तुहा येगळा असते का?"

"नाही. ट्रेमध्ये येतात. जो हाताला लागेल तो."

"न सगळे पेतात त्याच्यात? तुह्यानंतर?"

"पितात."

"इतके वर्स?"

"इतकी वर्षं."

"कोणाले काई झालं?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती उठली, खिडकीतला आपला पेला घेतला, माठातून भरला, आधी स्वतः अर्धा प्यायली आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी प्याले. पाण्याला गोड चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. तिनं पिशवी उचलली, दारात वळून माझ्या छातीला हात लावला, डावीकडे, आणि गेली. तिकडे पोचल्यावर तिनं काय केलं ते मला पुढे भाऊजींनी सांगितलं. सासू पाणी पीत बसली होती. ताईनं तिच्या हातातला पेला मागून घेतला, उरलेलं पाणी प्यायली, आणि विसळून मांडणीवर सगळ्या पेल्यांत लावून ठेवला. सासू पाहत राहिली. त्या संध्याकाळी सासूनं स्वतः पाणी घेतलं ते मांडणीवरून, आणि कोणता पेला हे पाहिलं नाही.

फुलीचा पेला ताई माझ्याकडेच ठेवून गेली होती. मी त्यातूनच पाणी पिते.